ओढ घटली आणि हवा वाढली: घरच्या वर्कशॉपमधल्या डस्ट कलेक्टरचं मोजमाप

पुण्यातल्या एका रो-हाउसच्या पार्किंगमध्ये उभं केलेलं लाकूडकामाचं वर्कशॉप. एक टेबल सॉ, एक बँड सॉ आणि १३ इंची थिकनेसर (फळी रंधून एकसारख्या जाडीची करणारं मशीन). तिन्हींना मिळून दोन एचपीचा, सिंगल फेजवर चालणारा, वर-खाली पिशव्या असलेला साधा डस्ट कलेक्टर, म्हणजे ब्लोअरने भुसा ओढून पिशवीत भरणारं यंत्र. लाइन ११० मिमीच्या पीव्हीसी पाइपची, म्हणजे सांडपाण्याला वापरतात तीच. थिकनेसरपासून ब्लोअरपर्यंत ७.२ मीटर पाइप, तीन बेंड, एक काटकोनी टी, आणि मशीनला जोडायला २.५ मीटर वळ्यावळ्यांचा फ्लेक्सिबल होज.

तक्रार अशी: थिकनेसरवर सागवानाची फळी घातली की सातव्या-आठव्या फेरीला ढलप्या तोंडातच अडकतात. टेबलाखाली ढीग होतो आणि आडव्या पाइपवर टिचकी मारली तर आवाज भरीव येतो. आत भुसा बसलेला असल्याची ती खूण. कलेक्टरच्या खोक्यावर मात्र १२०० सीएफएम (मिनिटाला इतके घनफूट हवा) छापलेलं. मालकाने पंख्याचा ॲनिमोमीटर (हवेचा वेग मोजणारा मीटर) आणून होज काढला, पाइपच्या तोंडात धरला, तर २३ मीटर प्रतिसेकंद. हिशोब केला, ताशी ७८७ घनमीटर, म्हणजे सुमारे ४६३ सीएफएम. थिकनेसरला एवढं पुरायला हवं. मग अडतंय कुठे?

अडचण त्या ७८७ मध्येच होती. त्या एका आकड्यात चार चुका एकत्र आल्या होत्या, आणि चारही अशा की घरी मोजणाऱ्या कुणाच्याही हातून होतात.

पहिली चूक, होज काढून मोजलं. होज आणि मशीनचं तोंड हीच लाइनीतली सगळ्यात अरुंद, खडबडीत जागा. ती काढली की राहिलेली लाइन अर्थातच मोकळा श्वास घेते. दुसरी, ११० मिमी हा पाइपचा बाहेरचा व्यास. या पाइपचा आतला व्यास कॅलिपरने १०५ मिमी भरला. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने बदलतं, त्यामुळे ०.००९५० ऐवजी ०.००८६६ चौरस मीटर धरायला हवं होतं. इथेच जवळपास दहा टक्के हवा कागदावर जास्त आली. तिसरी चूक सहज लक्षात येत नाही. कापलेल्या पाइपच्या उघड्या तोंडातून हवा आत शिरते तेव्हा ती कडेपासून सुटते आणि तोंडाच्या किंचित आत मधोमध आवळली जाते. नळाची धार खाली बारीक होते तशी. त्या आवळलेल्या भागात वेग सरासरीच्या दीडपटही असू शकतो, आणि ७० मिमीचा पंखा बरोबर तिथेच बसतो. चौथी, मीटरचं धडच पाइपचा बराच भाग अडवतं, त्यामुळे उरलेल्या फटीतून हवा आणखी जोरात जाते.

त्यामुळे ॲनिमोमीटर बाजूला ठेवून पाण्याचा मॅनोमीटर, म्हणजे दाब मोजणारी नळी, केला. गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी, आतून ८ मिमी, तीन मीटर. प्लायच्या फळीवर इंग्रजी यू आकारात बसवली, मागे मिलिमीटरचा आलेखकागद चिकटवला. पाण्यात खायचा रंग आणि भांडी घासायच्या लिक्विडचा एकच थेंब. थेंब नसेल तर पाणी नळीला चिकटून राहतं आणि वाचन दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे होतं. भरताना नळीत बुडबुडा राहिला तर सगळं वाचन फुकट, म्हणून भरल्यावर नळी बोटाने टिचकवत बुडबुडे वर काढावे लागतात. दोन्ही टोकं मोकळी ठेवून पाणी दोन्हीकडे समपातळीत आहे का ते पाहायचं, मगच जोडायचं. दोन बाजूंतल्या पातळीतला फरक म्हणजे दाब, मिलिमीटर पाण्यात. एका बाजूला किती चढलं ते नव्हे, दोन्ही पातळ्यांमधला पूर्ण फरक. ही गल्लत केली की दाब निम्माच येतो.

पाइपवर दाबाची छिद्रं करताना खरी कसोटी लागते. ड्रिल २.५ मिमीचं, पाइपच्या पृष्ठभागाला काटकोनात. ड्रिल आत गेल्यावर आतल्या बाजूला पीव्हीसीची कुसं राहतात. बाहेरून ती दिसत नाहीत, पण त्या एका कुसामुळे हवा छिद्रावर आपटते किंवा छिद्रातून ओढली जाते आणि वाचन बिघडतं. लांब काडीला पॉलिश पेपर गुंडाळून आतून ते घासून घ्यायचं, आणि बोट पोचत असेल तर बोटाने तपासायचं. नळी बाहेरून छिद्रावर टेकवायची, आत घुसवायची नाही. बेंडच्या पोटात किंवा टीच्या तोंडाशी छिद्र करू नये, कारण तिथला दाब त्या जागेपुरता असतो, लाइनीचा नसतो.

मोजण्याआधी गळती. सगळे गेट, म्हणजे प्रत्येक मशीनकडच्या पाइपवरच्या सरकत्या झडपा, बंद केले, ब्लोअरच्या तोंडाशी दाब वाचला: १३९ मिमी. मग पाइप सोडून ब्लोअरच्या तोंडावर थेट प्लायचा तुकडा लावून अर्धा मिनिट चालवला: १६० मिमी. हा त्या ब्लोअरचा कमाल दाब. सगळे गेट बंद असताना पाइपच्या टोकाशीही जवळपास तेवढाच यायला हवा, आणि इथे २१ मिमी कमी आला. म्हणजे बंद गेटमधूनही हवा येत होती. पेटती अगरबत्ती एकेका जोडावरून फिरवली. धूर दोन ठिकाणी सरळ आत ओढला गेला: प्लायच्या घरगुती गेटच्या खाचेत आणि नुसत्याच खोचलेल्या दोन जोडांत. खाचेला फेल्टची पट्टी, जोडांना ॲल्युमिनियमची टेप. सॉल्व्हेंट सिमेंट मुद्दाम टाळलं, कारण ही लाइन पुढे सोडावी लागणार होती. वाचन १५६ वर गेलं. पुढचे सगळे आकडे गळती बंद केल्यानंतरचे.

होज काढलेल्या स्थितीत नेमकी किती हवा येत होती ते आता पाइपच्या तोंडावरूनच मोजता येतं, तेही फक्त या नळीने. साधं कापलेलं तोंड असेल तर आतल्या बाजूला तीन व्यासांवर, इथे ३१५ मिमीवर, एक छिद्र करून तिथला दाब वाचायचा. औद्योगिक वायुवीजनात वर्षानुवर्षे वापरला जाणारा प्रवेशगुणांक इथे कामाला येतो. साध्या तोंडासाठी ०.७२, तोंडाभोवती रुंद चकती असेल तर ०.८२, आणि घंटेसारखं गोलावलेलं तोंड असेल तर ०.९८. दाब २८.५ मिमी आला. ९.८१ ने गुणून २८० पास्कल. त्याची दुप्पट भागिले हवेची घनता, त्याचं वर्गमूळ, गुणिले ०.७२. वेग १६.३ मीटर प्रतिसेकंद, हवा ताशी ५०८ घनमीटर. ॲनिमोमीटरने ७८७ दाखवली होती.

घनतेबद्दल थोडं, कारण ही चूक पुस्तकी सूत्रांमुळे होते. तयार सूत्रं समुद्रसपाटीच्या हवेसाठी असतात, घनता १.२ किलो प्रतिघनमीटर. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. तिथे तीस अंशांच्या दुपारी घनता १.०९ च्या आसपास येते. त्यामुळे पुण्यात वेग = ४.२४ × √(मिमी पाणी), आणि मुंबईत त्याच तापमानाला ४.११ × √(मिमी पाणी). पुण्यात १.२ धरून चाललात तर वेग पाच टक्के कमी दिसतो.

मशीन आणि होज जोडलेले असताना मोजायला तोंड उपलब्ध नसतं. तिथे पिटो नळी लागते. तयार मिळते, पण घरीही होते: बाहेरून ३ मिमीची पितळी नळी घ्यायची, टोक सोल्डरने बंद करायचं, आणि टोकापासून ३ मिमीवर एका बाजूला १ मिमीचं छिद्र पाडायचं. ते छिद्र हवा येते त्या दिशेकडे केलं की एकूण दाब मिळतो. बाजूच्या भिंतीवरच्या छिद्रातून स्थिर दाब मिळतो. दोन्ही यू नळीला जोडले की फरक म्हणजे वेगदाब, हवेच्या वेगामुळे येणारा दाब. नळी थोडी डावी-उजवी फिरवून सगळ्यात मोठं वाचन येईल ती दिशा बरोबर. वेगदाब दहा-पंधरा मिलिमीटरच असतो, म्हणून फळी एकास पाच अशी तिरकी केली, म्हणजे पाच सेंटिमीटर लांबीला एक सेंटिमीटर चढ. १० मिमीचा दाब कागदावर ५० मिमी लांब दिसतो.

जागा बेंडपासून किमान आठ-दहा व्यास पुढे हवी, म्हणजे १०५ मिमीला साधारण एक मीटर. इथे १.६ मीटरचा सरळ पट्टा मिळाला. एकमेकांना काटकोनातल्या दोन व्यासांवर सहा-सहा वाचनं, भिंतीपासून ४.६, १५.३, ३१, ७४, ८९.७ आणि १००.४ मिमीवर. हे बिंदू समान क्षेत्रफळाच्या कड्यांचे आहेत, म्हणून सरासरी काढताना वेगळं वजन द्यावं लागत नाही. सरासरी मात्र वेगांची काढायची, दाबांची नव्हे. बेंडच्या जवळ, जिथे एका बाजूला ४ मिमी आणि दुसऱ्या बाजूला १६ मिमी येतो, तिथे दाबांची सरासरी घेतली तर वेग पाच टक्के फुगतो. नळीवर मार्करने सहा खुणा केल्या की बारा वाचनांना दहा मिनिटं लागतात. कटर बंद ठेवूनच मोजायचं. एक ढलपी त्या १ मिमीच्या छिद्रात गेली की संपलं.

बारा वाचनांची सरासरी १३.८ मीटर प्रतिसेकंद. ताशी ४३० घनमीटर, २५३ सीएफएम. लाकडाच्या ढलप्या आडव्या पाइपात वाहत राहायला २० मीटर प्रतिसेकंदाच्या जवळपास वेग लागतो. १३.८ ला त्या तळाशी बसणारच. टिचकीला भरीव आवाज येण्याचं कारण समजलं. केंद्रातला वेग १६.६ होता. सरासरी आणि केंद्र यांचं त्या जागेचं गुणोत्तर ०.८३ निघालं, आणि ते एकदा कळल्यावर पुढच्या प्रत्येक बदलानंतर केंद्रातलं एक वाचन पुरलं.

किती हवा, हे कळलं. ती कुठे अडते, हे कळायला दाबाची चार ठिकाणं पुरतात. थिकनेसरच्या तोंडाला लागूनच (क), होज संपतो तिथे (ख), ब्लोअरच्या अलीकडे (ग), आणि ब्लोअरच्या पलीकडे, पिशव्या बसतात त्या कड्यावर (घ). वाचनं: क ३० मिमी, ख ५८, ग १०६, हे सगळे ओढीचे. घ ४२, हा उलट बाजूचा, ढकलण्याचा. वजाबाकी केली की हिशोब लागतो. मशीनचं तोंड ३०, होज २८, पाइप-बेंड-टी ४८, पिशव्या ४२. एकूण १४८. कमाल दाब १६० असलेल्या ब्लोअरची जवळजवळ सगळी ताकद यातच खर्च होत होती, म्हणून हवेला काही उरत नव्हतं.

पिशव्यांचा ४२ हा आकडा मोठा. एरवी स्वच्छ पिशवीवर या हवेला १२ च्या आसपास येतो. वरची पिशवी आतून पिठासारख्या भुशाने लिंपलेली होती. ती उतरवून घराबाहेर नेली, मास्क लावून, बाहेरच्या बाजूने हलक्या हाताने झटकली, मग बाहेरून आत अशी काँप्रेसरची हवा मारली. परत बसवून मोजलं: ताशी ४८० घनमीटर. वेग १५.४. ५० घनमीटर वाढले, पण ढलप्या अजूनही बसत होत्या.

नेमक्या इथेच बहुतेक जण फसतात. पिशवी साफ केल्यावर ग जवळची ओढ १०६ वरून १३२ झाली. हात लावून पाहणाऱ्याला वाटतं, बघा, ओढ केवढी वाढली, आता झकास. पुढे पाइप दुरुस्त केल्यावर हीच ओढ १२१ वर उतरली आणि हवा ५९० वर गेली. ओढ कमी, हवा जास्त. ओढ हा लाइनीतल्या अडथळ्याचा आकडा आहे, हवेचा नाही. सगळे गेट बंद केले तेव्हा ओढ सगळ्यात जास्त होती, १५६, आणि हवा जवळजवळ शून्य. हाताच्या तळव्याला जाणवते ती ओढ असते. तळव्याने डस्ट कलेक्टर तपासू नये, हे आग्रहाने सांगायला हवं.

मोटरच्या अँपिअरचंही तसंच. लाइन तुंबली की मोटरवर ताण येऊन करंट वाढत असणार, असा समज आहे. असं होत नाही. हवा कमी म्हणजे काम कमी, क्लॅम्प मीटरवर (तारेभोवती अडकवून करंट मोजणारा मीटर) करंट उतरतो.

पाइपमध्ये चार गोष्टी बदलल्या. कलेक्टर आणि पाइपची जागा सरकवून २.५ मीटरचा होज ८० सेंटिमीटर केला, तोही आतून गुळगुळीत असलेला. वळ्यांच्या होजमध्ये घर्षण त्याच लांबीच्या पीव्हीसीच्या तिपटीहून जास्त असतं. लांबी उरली म्हणून तो गुंडाळून ठेवला तर आणखी. काटकोनी टीच्या जागी वाय बसवला, आणि तीन काटकोनी बेंडांऐवजी प्रत्येकी दोन ४५ अंशांचे बेंड, मध्ये २०० मिमीचा सरळ तुकडा. सांडपाण्याचा बेंड पोटात फार आखूड असतो. पाण्याला ते चालतं, कारण ते उतारावरून जातं. हवेला प्रत्येक आखूड बेंड या व्यासाला चार मीटरपेक्षा जास्त सरळ पाइपाइतका भारी पडतो. हवा ५९०, वेग १८.९.

शेवटचा तुकडा सापडला तो क च्या वाचनामुळे. आता क ला ५६ मिमी येत होते, एकूण १३८ मधले. म्हणजे सगळ्यात मोठा अडथळा मशीनच्या तोंडातच उरला होता. थिकनेसरचा ढलप्या गोळा करणारा डबा उघडला, तर त्याच्या आणि १०० मिमीच्या गळ्याच्या सांध्यात पाच-सहा मिमीची धारदार पायरी आत आलेली. ती कानशीने गोलावली. ६१५ घनमीटर, १९.७ मीटर प्रतिसेकंद, ३६२ सीएफएम. क ४९ वर आला.

एक बदल मुद्दाम केला नाही, त्याचं कारण सांगायला हवं, कारण पहिला सल्ला सगळीकडे तोच मिळतो: मेन लाइन १६० मिमीची करा. हिशोब केला. मेन १६० मिमीची आणि मशीनकडची फक्त दीड मीटर ११० मिमीची ठेवली असती तर पायरी गोलावण्याआधीच हवा साधारण ६७७ झाली असती. ऐकायला छान. पण तीच हवा १६० मिमीच्या पाइपात, आतला व्यास १५२, जेमतेम १०.४ मीटर प्रतिसेकंदाने वाहिली असती. ढलप्या मशीनच्या तोंडातून निघून मेन लाइनीत बसल्या असत्या आणि तो ढीग छताला टांगलेला, डोळ्यांआड राहिला असता. मोठा पाइप घालायचा तर ब्लोअरही तेवढा मोठा हवा, किंवा दोन गेट एकदम उघडी ठेवायला हवीत.

१२०० सीएफएमचं काय, हा प्रश्न राहतो. असे आकडे बहुधा पाइप आणि पिशवीशिवाय मोकळ्या ब्लोअरचे असतात. त्यातून ते ६० हर्ट्झच्या वीजपुरवठ्यावरचे असतील तर आपल्या ५० हर्ट्झवर तीच मोटर मिनिटाला साधारण ३४५० ऐवजी २८५० फेरे फिरते. त्याच इम्पेलरची (ब्लोअरमधल्या पंख्याची) हवा त्या प्रमाणात ८३ टक्क्यांवर येते, आणि दाब वेगाच्या वर्गाने म्हणून ६८ टक्क्यांवर. लाइनीला दाबाचीच जास्त गरज असते, त्यामुळे फटका आकड्यापेक्षा मोठा बसतो. कलेक्टर घेताना ५० हर्ट्झवरचा दाब-हवा आलेख मागावा. तो नसेल तर कमाल दाब तरी.

तीन फेजची मोटर असेल तर आणखी एक तपासणी: दोन फेज उलटे जोडले गेले तरी सेंट्रिफ्युगल ब्लोअर हवा त्याच दिशेने ओढतो, फक्त दुबळी. नवी जोडणी केल्यावर पंख्याची दिशा बाणाशी ताडून पाहावी.

६१५ घनमीटर थिकनेसरच्या ढलप्यांना पुरले. पाइप भरीव वाजायचा थांबला. टेबल सॉवरच्या बारीक धुळीला मात्र एवढी हवा कमी पडते, कारण ती धूळ पात्याच्या वरच्या बाजूने हवेत उडते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला १९९५ मध्ये माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात टाकलं. त्यामुळे टेबल सॉवर काम करताना पात्याच्या वरचं वेगळं तोंड आणि नाकावर बसणारा मास्क, दोन्ही चालू ठेवले.

यू नळीची फळी आता घ च्या छिद्राला कायमची जोडून भिंतीवर लावली आहे. थिकनेसरचं एकच गेट उघडं असताना स्वच्छ पिशवीचं वाचन १७ मिमी. तिथे हिरवी रेघ, ३० मिमीवर तांबडी. पाणी तांबड्या रेघेला टेकलं की पिशवी उतरवायची. अट एवढीच की वाचताना तेच एक गेट उघडं हवं. दोन उघडी असतील तर हवा वाढते आणि स्वच्छ पिशवीही तुंबल्यासारखी दिसते.